विश्लेषण : ‘ब्लॉकेज’ किती टक्के, यापेक्षा ते कसे आहे, हे महत्त्वाचे का?

‘डाव्या कॅरोटिड धमनीत ५० टक्के अडथळा.’ मानेच्या डॉप्लर सोनोग्राफीच्या अहवालात शेवटी असे एक वाक्य असते आणि घरातले सगळे त्या आकड्याभोवती जमतात. ‘निम्मी वाट अजून मोकळी आहे’ असा धीर कुणी देतो, तर कुणी स्टेंटचा खर्च विचारू लागतो. प्रत्यक्षात हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. अडथळा किती आहे हे त्यातून कळते, पण तो फुटण्याच्या बेतात आहे की वर्षानुवर्षे गप्प राहणार आहे, हे कळत नाही. हा दुसरा प्रश्न सोडवण्यासाठी गेली सुमारे वीस वर्षे एक तंत्र घडते आहे. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि प्लाकच्या आत उगवलेल्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहायच्या. तंत्र आश्वासक आहे. मात्र ते कुणासाठी वापरायचे आणि कुणासाठी नाही, हे वेळीच ठरवले नाही तर ‘फुल बॉडी चेकअप’च्या यादीत आणखी एक महागडी ओळ वाढेल आणि खरी गरज असलेले रुग्ण मागेच राहतील.

प्लाक म्हणजे नेमके काय?

मानेवर, स्वरयंत्राच्या बाजूला बोट ठेवले की जी नाडी लागते ती कॅरोटिड धमनीची. जबड्याच्या कोनाखाली या धमनीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. फाट्यापाशी रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही, तिथे भोवरे पडतात आणि धमनीचे आतले अस्तर दुखावते. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल यांची भर पडली की नेमक्या याच जागी चरबी, दाहक पेशी, तंतू आणि कॅल्शियम साचत जातात. हाच प्लाक.

नळात गाळ साचतो तसा प्लाक साचतो, असे सोपे करून सांगितले जाते. पण गाळ नळाच्या पोकळीत बसतो, प्लाक मात्र धमनीच्या भिंतीच्या आत वाढतो. त्याच्यावर तंतूंचे एक आवरण असते. हे आवरण जाड आणि मजबूत असेल तर प्लाक निमूट पडून राहतो. ते पातळ होऊन फाटले तर आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, क्षणात गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूत जाऊन अडकतो. पक्षाघाताचे हे एक मोठे कारण आहे.

टक्केवारीला एवढे महत्त्व कसे आले?

त्यामागे ठोस पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडातील ‘नॅसेट’ या गाजलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना नुकताच छोटा पक्षाघात किंवा तात्पुरता झटका येऊन गेला होता आणि त्याच बाजूची कॅरोटिड धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झाली होती, अशा रुग्णांचे दोन गट केले गेले. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रियेने प्लाक काढून टाकलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. एवढा मोठा फरक वैद्यकात क्वचित दिसतो. तेव्हापासून ‘किती टक्के’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी बसला.

मात्र याच चाचणीच्या १९९८ मधील निष्कर्षांत ५० ते ६९ टक्के अडथळा असलेल्यांचे चित्र वेगळे निघाले. पाच वर्षांत औषधांच्या गटात २२.२ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात १५.७ टक्के जणांना पक्षाघात झाला. फायदा होता, पण तो बेताचा. या मधल्या पट्ट्यातल्या कुणाला शस्त्रक्रिया हवी आणि कुणाला ती विनाकारण होते आहे, हे टक्केवारी सांगू शकत नाही.

आकडा फसवतो तो कसा?

प्लाक वाढू लागला की सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट जवळपास तेवढीच राखते. सिमोर ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांचा अभ्यास करून ही गोष्ट मांडली. म्हणजे भिंतीत प्लाकचा मोठा ऐवज दडलेला असूनही अहवालात ‘अडथळा किरकोळ’ असे येऊ शकते.

उलटही घडते. कॅल्शियमने कडक झालेला जुना प्लाक वाट बरीच अडवतो, पण सहसा फुटत नाही. तेव्हा ४० टक्क्यांचा मऊ, रक्तस्राव झालेला प्लाक ७० टक्क्यांच्या टणक प्लाकपेक्षा अधिक धोक्याचा असू शकतो. धरणाचा धोका पाण्याच्या पातळीवर ठरतो तसाच भिंतीच्या अवस्थेवरही ठरतो. आपले अहवाल बहुतांशी पातळीच मोजत आले आहेत.

प्लाकमध्ये रक्तवाहिन्या कशाला उगवतात?

धमनी रक्त वाहून नेते, पण तिच्या भिंतीलाही प्राणवायू लागतो. आतल्या थराला तो पोकळीतल्या रक्तातून झिरपत मिळतो. बाहेरच्या थराला पुरवठा करण्यासाठी अतिशय बारीक वाहिन्यांचे स्वतंत्र जाळे असते. प्लाकमुळे भिंत जाड झाली की मधला भाग प्राणवायूसाठी तहानलेला राहतो. तिथल्या पेशी नव्या वाहिन्या उगवण्याचे रासायनिक संदेश सोडतात आणि बाहेरच्या जाळ्याला धुमारे फुटून ते प्लाकमध्ये शिरतात. हृदयाच्या धमन्यांतील प्लाक आणि अशा नव्या वाहिन्या यांचा संबंध १९८४ मध्ये बार्जर आणि सहकाऱ्यांनी ठळकपणे मांडला होता.

घाईत उभ्या राहिलेल्या या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांच्या भिंती गळक्या असतात. त्यांतून दाहक पेशी आत येतात, कधी रक्त प्लाकमध्येच सांडते. लाल रक्तपेशींच्या आवरणातही भरपूर कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे सांडलेले रक्त प्लाकचा चरबीचा गाभा वाढवते, दाह भडकवते आणि वरचे आवरण कमजोर करते. आतल्या रक्तस्रावामुळे प्लाक अस्थिर होतो, याकडे बोट दाखवणारा रेणू विरमानी यांच्या गटाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडक्यात, प्लाकमधले वाहिन्यांचे दाट जाळे ही भिंत आतून खचत असल्याची खूण ठरू शकते.

बुडबुड्यांची सोनोग्राफी कशी होते?

नेहमीच्या डॉप्लरला या वाहिन्या दिसत नाहीत. त्या फार बारीक असतात आणि त्यांतला प्रवाह फार संथ. त्यासाठी लागते कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. हाताच्या शिरेतून एक-दोन मिलिलिटर द्रव दिला जातो. त्यात वायू भरलेले कोट्यवधी सूक्ष्म बुडबुडे असतात. त्यांचे कवच चरबीच्या किंवा प्रथिनाच्या पातळ थराचे असते आणि आत सल्फर हेक्झाफ्लुओराइडसारखा निष्क्रिय वायू. सरासरी बुडबुडा दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे सात-आठ मायक्रॉनच्या लाल रक्तपेशीहून लहान. त्यामुळे रक्त जिथे जाते तिथे बुडबुडाही जातो. तो वाहिनीच्या बाहेर मात्र झिरपत नाही. सीटी किंवा एमआरआयचे कॉन्ट्रास्ट वाहिनीबाहेरच्या ऊतींत पसरते. हा फरक इथे मोलाचा ठरतो, कारण प्लाकमध्ये बुडबुडा दिसला म्हणजे तिथे वाहिनी आहे.

ध्वनिलहर आदळली की बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावतो आणि ऊतींपेक्षा वेगळाच प्रतिध्वनी परत पाठवतो. यंत्र हा वेगळा आवाज निवडून घेते आणि आजूबाजूच्या ऊतींचा आवाज वजा करते. बुडबुडे फुटू नयेत म्हणून लहरींचा जोर मुद्दाम कमी ठेवतात. पडद्यावर धमनीची पोकळी आधी झगमगते. मग काही सेकंदांत प्लाकच्या काळ्या भागात, बाहेरच्या बाजूने आत सरकणारे पांढरे ठिपके दिसू लागतात. ठिपके नाहीत, थोडे आहेत की सगळीकडे पसरले आहेत, यावरून प्लाकची श्रेणी ठरते.

या तंत्राचे मूळ योगायोगात आहे. रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे महाधमनीच्या तपासणीत इंजेक्शनसोबत गेलेल्या बारीक बुडबुड्यांचा ‘ढग’ सोनोग्राफीत टिपला. कॅरोटिड प्लाकमधील वाहिन्या पाहण्यासाठी बुडबुड्यांचा उपयोग पुढे आणला तो शिकागोच्या स्टीव्हन फाइनस्टाइन यांनी, या शतकाच्या पहिल्या दशकात.

ती कितपत सुरक्षित?

या तपासणीत किरणोत्सर्ग नाही. बुडबुड्यातला वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडावर भार येत नाही, हा मधुमेही रुग्णांच्या दृष्टीने मोठा फायदा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये अशा द्रवांवर कडक इशारा छापायला लावला होता. पुढच्याच वर्षी त्यातील काही निर्बंध सैल केले आणि २०१६ मध्ये यकृतातील गाठींच्या तपासणीसाठी बुडबुड्यांच्या एका द्रवाला मान्यता दिली. इटलीत पोटाच्या २३ हजारांहून अधिक तपासण्यांच्या नोंदींत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण ०.००८६ टक्के आढळले, म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. धोका शून्य नाही. तीव्र अॅलर्जी होऊ शकते, म्हणून तपासणीच्या जागी तातडीच्या उपचारांची सोय हवीच.

पुरावा किती भक्कम आहे?

दोन गोष्टी बऱ्यापैकी स्थिर आहेत. पहिली, पडद्यावरचे ठिपके खरे असतात. शस्त्रक्रियेआधी ही तपासणी केलेल्या रुग्णांचा काढलेला प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा जिथे बुडबुडे जास्त तिथे वाहिन्याही जास्त असल्याचे इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. दुसरी, ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांच्या प्लाकमध्ये बुडबुडे अधिक दिसतात. चीनमधील संशोधकांनी २००९ मध्ये असा संबंध नोंदवला आणि नंतर इतरांनीही.

खरी अडचण यापुढे आहे. यातले बरेचसे अभ्यास झटका येऊन गेल्यावर प्लाक तपासतात. जळालेल्या घरात वायर कशी होती हे नंतर सांगणे वेगळे आणि कोणत्या घराला आग लागेल हे आधी सांगणे वेगळे. शिवाय बुडबुडे पाहून उपचार ठरवले तर पक्षाघात टळतात, हे सिद्ध करणारी मोठी तुलनात्मक चाचणी अजून झालेली नाही.

तांत्रिक मर्यादाही आहेत. धमनीच्या, तपासणीच्या बाजूने पाहता, खोलच्या भिंतीवरचा प्लाक खोटाच उजळतो, कारण लहर बुडबुड्यांनी भरलेल्या पोकळीतून जाताना बिघडते. कॅल्शियममागे काळी सावली पडते. ठिपके ‘थोडे’ की ‘बरेच’ हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरते आणि सर्वांनी मान्य केलेली एकच मोजपट्टी नाही. कवटीच्या आतल्या धमन्या तर या पद्धतीने अशा बारकाईने पाहताच येत नाहीत आणि आशियाई लोकांत नेमक्या त्याच धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आहे. त्यामुळे मानेची तपासणी निर्मळ निघाली म्हणून भारतीय रुग्णाने निर्धास्त व्हावे, असेही नाही.

मग सरसकट चाचणीला विरोध का?

कारण इथे गोंधळ होणार हे उघड दिसते. काहीही त्रास नसलेल्या माणसांची मानेची सोनोग्राफी ही आजच आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत घातली जाते. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृती दलाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये, लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची अशी चाळणी करू नये, अशी स्पष्ट शिफारस केली. लाभ नगण्य आणि नुकसान शक्य, हे त्यामागचे कारण.

नुकसान कसे? लक्षणे नसलेल्या रुग्णांवरील १९९५ च्या ‘अॅकॅस’ चाचणीत ६० टक्के किंवा अधिक अडथळा असूनही, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी पाच वर्षांत पक्षाघाताचा धोका ११ टक्के होता. शस्त्रक्रियेने तो ५.१ टक्क्यांवर आला. तेव्हा स्टॅटिनचा वापर आजच्यासारखा रुळलेला नव्हता. आजच्या औषधांनी हा धोका वर्षाला साधारण एक टक्क्यापर्यंत किंवा त्याखाली उतरल्याचे मानले जाते. अशा वेळी शस्त्रक्रिया किंवा स्टेंट टाकताना होऊ शकणारा पक्षाघात हा धोका क्षुल्लक राहत नाही. चाळणीतून आकडा निघतो, आकड्यातून भीती निघते आणि भीतीतून अनावश्यक उपचार. त्यात ‘तुमच्या प्लाकमध्ये वाहिन्या आहेत’ या वाक्याची भर पडली तर निरोगी माणसालाही झोप लागणार नाही.

ज्यांना लाभ होऊ शकतो, ते रुग्ण वेगळे आहेत. तात्पुरता झटका येऊन गेला, त्याच बाजूला ३० ते ६९ टक्के अडथळा आहे, दुसरे कारण सापडत नाही आणि शस्त्रक्रिया करावी की नाही याचा काटा मध्येच अडकला आहे, अशा रुग्णात अनुभवी हातांनी केलेली बुडबुड्यांची तपासणी डॉक्टरांच्या निर्णयाला एक पुरावा देऊ शकते. प्लाकमधील रक्तस्राव दाखवणारा एमआरआय हाही पर्याय आहे, पण तो सर्वत्र आणि तातडीने मिळत नाही. सोनोग्राफी रुग्णाच्या खाटेपाशी होते, हे तिचे बलस्थान. मोठ्या संस्थांनी अशा रुग्णांच्या नोंदी ठेवून पुढील वर्षांत त्यांचे काय झाले हे पाहिले, तर भारतीय रुग्णांसाठी या चाचणीची किंमत किती, याचे उत्तर इथेच मिळेल. सध्या तिची योग्य जागा तिथे आहे, जाहिरातीत नाही.

आत्ता, बुडबुड्यांविना काय करता येईल?

बरेच काही, आणि तेही जवळपास फुकट. साध्या सोनोग्राफीतही प्लाक काळसर आणि मऊ आहे की पांढरा आणि टणक, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की त्यावर व्रण आहे, हे दिसते. लक्षणे नसलेल्या ११२१ रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, अशी वैशिष्ट्ये टक्केवारीसोबत जोडली तर धोक्याचा अंदाज अधिक चांगला येतो, असे दिसले. तरीही अनेक अहवालांत प्लाकचे हे वर्णन एका शब्दात उरकले जाते किंवा येतच नाही. नव्या तंत्राची मागणी करण्याआधी जुन्या यंत्राला जे दिसते ते लिहिण्याची शिस्त लागली पाहिजे. रुग्णानेही ‘किती टक्के?’ यासोबत ‘प्लाक कसा आहे?’ हा प्रश्न विचारायला हवा.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, जीभ जड होणे, एका डोळ्यापुढे पडदा येणे आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत होणे, हा तात्पुरता झटका. ‘गेले ना, मग झाले’ म्हणून घरोघरी तो अंगावर काढला जातो. कॅलिफोर्नियातील २००० सालच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी साडेदहा टक्के जणांना ९० दिवसांत पक्षाघात झाला आणि त्यातील निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. ऑक्सफर्डमधील २००७ च्या अभ्यासात अशा रुग्णांची तपासणी आणि औषधे तातडीने सुरू केली, तेव्हा ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे आणि गरज असेल त्याला लवकर शस्त्रक्रिया, एवढेच होते.

प्लाकमध्ये वाहिन्या दिसल्या तरी पहिले उपचार हेच आहेत आणि दिसल्या नाहीत तरी हेच. ‘बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारा, मळलेली तंबाखू दाढेखाली ठेवणारा आणि वर्षातून एकदा महागडे पॅकेज करून घेणारा माणूस आपल्याला नवा नाही. बुडबुडे त्याच्या धमनीतली खचलेली भिंत दाखवू शकतील. ती सावरण्याचे काम मात्र रोजच्या गोळीने, तंबाखूची पुडी फेकून देण्याने आणि झटका आला की त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याने होते.